किशनच्या लंगड्या मागाचा आवाज

"व्हय, आवाज तुमच्याच मागाचा हाय, किशनभावजी. मी कुटं न्हाय म्हणतो? पर त्यात बोलत्याली बाई तुमच्या शेडातली न्हाय."

"मग माझा माग तिच्या बोलण्याखाली आला कसा, वैनी? उडून आला?"

"मी घातलो."

"घातलो म्हंजे? भाजीत मीठ घातल्यागत?"

"तसंच समजा."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. देवळामागच्या हॉलात सतरंजीवर निम्मी गल्ली बसली होती. अमावास्या. वडगावात अमावास्येला यंत्रमाग चालत नाहीत. बोललेलं प्रत्येक अक्षर भिंतीला जाऊन लागत होतं आणि त्याची कुणालाच सवय नव्हती. एरवी या गल्लीत माणूस बोलतो ते मागांच्या खटाखटीवरनं, ओरडून. त्या दिवशी ओरडायची गरज नव्हती, तरी किशन ओरडत होता.

त्याचं ओरडणंही खोटं नव्हतं. त्याच्या नावाला काळं लागलं होतं, आणि ते लावणारी अंजनी, त्याच्या चुलतभावाची बायको, समोर मांडीवर मोबाईल घेऊन बसली होती.

अंजनीचं माहेर संकेश्वरच्या बाजूचं, उसातलं. लग्न होऊन वडगावात आली तेव्हा पहिले काही दिवस कानात कापूस घालून भाकरी थापायची. नवऱ्याचे, रविराजचे, दोन माग घरातच. पुढच्या सोप्यात माग, मागं चूल, मधे पडदा. हळूहळू कान असा तयार झाला की भाकरी उलटताना तिला कळायचं, आता डावीकडच्या मागाचा धागा तुटणार. ती कांड्या भरते. मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. ती संपली की माग अडतो, म्हणून दिवसभर भरत राहायची. तिचं खरं काम ते. गोष्टी करते ती उरल्या वेळात.

या गोष्टी म्हणजे कानानं ऐकायच्या गोष्टी. टिळकवाडीतली भैरवी कॉलेजात शिकवते. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी एक चॅनेल काढलंय. शहापुरातल्या शाळेत त्यांनी बायकांसाठी वर्ग घेतला, तिथं अंजनी गेली ती घरातनं दोन दिवस सुटका म्हणून. परत आली ती कॉलरला लावायचा बारका माइक घेऊन. त्या वर्गात भैरवीनं एकच गोष्ट पाच तऱ्हांनी ऐकवली होती. नुसतं बोलणं. मग बोलण्याखाली जागेचा आवाज. मग हातांचा आवाज, म्हणजे भांडं ठेवलं, दार लोटलं. मग पेटी-तबल्याचं वाजप. आणि शेवटी मधेच सगळं काढून घेतलेलं, काहीच नाही. अंजनीला ते काहीच नाही सगळ्यात जास्त आवडलं. "मागाच्या घरात राहणाऱ्याला त्याची किंमत कळती, बाई," ती भैरवीला म्हणाली.

आवाज कापायचे, जोडायचे, एकावर एक ठेवायचे, हे ती आठ दिवसांत शिकली. मोबाईलच्या पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या असतात. वरच्या पट्टीत बाई बोलते, खालच्या पट्टीत तिच्या मागचं जग. भैरवीची एक मैत्रीण सुरुवातीला म्हणाली, की बोली जरा शुद्ध करता आली तर शहरातले लोकही ऐकतील. आमच्याकडं बाई "मी आलो, मी गेलो" असंच म्हणते, त्यात कुणाला नवल वाटत नाही. अंजनी म्हणाली, "मी येतो म्हटलो तरी मी बाईच असतो. ज्याला कळत न्हाय त्यानं दोनदा ऐकावं." तो विषय तिथंच संपला.

जे मिळत नाही ते बनवायचं, हेही ती शिकली. जांबोटीला भाताच्या लावणीचे आवाज घ्यायला गेली, परतीची बस चुकली, मैलोन्‌मैल चालत आली, आणि घरी येऊन बघते तर चिखलाचा आवाज वाऱ्यानं खाऊन टाकलेला. मग न्हाणीत ओलं पोतं अंथरून त्यावर पाय आपटले. गोष्टीत ते पोतं जांबोटीच्या चिखलापेक्षा जास्त चिखल वाटलं. लोकांनी वाहवा केली. त्यात तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण पोत्याला कुणी ओळखणार नव्हतं.

राजाबाईची गोष्ट मात्र वेगळी होती.

(इथली नावं बदललेली आहेत, वडगावात शोधत फिरू नये.)

राजाबाई यमनाप्पांच्या शेडात दुसऱ्या पाळीला असते. यमनाप्पा म्हणजे गल्लीचे पंच. देवळाची किल्ली, भिशी, भांडणं सगळं त्यांच्याकडं. बोलणं हळू, कपाळाला विभूती, अंगात नेहमी पांढरं. राजाबाई अंजनीच्या परसात आली, गोवऱ्या मागायच्या निमित्तानं, आणि म्हणाली, "तुझ्या त्या डबड्यात एक भरून ठेव. पर माझं नाव आलं, तर मी तुझ्या दारात येऊन मरतो."

आतल्या खोलीत दोघींनी डोक्यावरनं गोधडी घेतली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. त्या उकाड्यात राजाबाई बोलली. ते असं:

"शटर खाली, भाईरनं कुलूप. साड्या पळत्यात म्हणून. आमी पाच बाया आत. दिवेलागणीला बोर्डातनं धूर यायला लागला. आमी शटर बडवलो. हात सुजस्तवर बडवलो. बारा माग चालू, कोन ऐकतंय? मग मालूबाईनं काठीनं मेन पाडली. सगळं माग गप झालं. तवा मालक आला पळत. कुलूप काढलं आन् पयला शब्द काय, तर माग का थांबीवलासा? कापड थांबलं म्हणून आला त्यो. आमी कोंडलोय म्हणून न्हाय."

आणि मग ती काही बोलली नाही. गोधडीखाली दोघींचा श्वास तेवढा भरला गेला.

अंजनीनं त्यावर आठवडा घातला. "बारा" कापलं, कारण बारा माग दोनच शेडांत आहेत. "मालूबाईनं" कापून तिथं दुसऱ्या वाक्यातला "एकीनं" आणून बसवला, असा की सांधा कळू नये. आवाज जाड केला, इतका की राजाबाईच्या पोरीनंही ओळखला नसता. धूर, काठी, कुलूप ठेवलं, कारण ते काढलं तर गोष्टच उरत नव्हती.

पण गोष्ट उभी राहीना. बाई मागांबद्दल बोलतेय आणि मागं माग नाही. माग गप्प झाले असं ती म्हणते, तेव्हा गप्प व्हायला आधी काही वाजत असायला पाहिजे ना? यमनाप्पांच्या शेडात जाऊन आवाज आणणं शक्य नव्हतं. घरच्या मागांचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपला होता, ते बंद. मोबाईलमध्ये मागल्या वर्षी किशनच्या शेडात भरलेला आवाज होता. स्वच्छ, दणदणीत. तिनं तो खालच्या पट्टीत ठेवला, "मेन पाडली" म्हटल्याबरोबर कापला, आणि ऐकलं. तिच्याच अंगावर काटा आला.

आता नवल हे, की ज्या बाईला भाकरी उलटताना धागा तुटायच्या आधी कळतं, तिला हे कळलं नाही. किशनच्या शेडातला तिसरा माग लंगडा आहे. धोटा डावीकडं पोचला की एक जादा "टक" होतो. खटाक-खटाक-टक. किशनच्या बापानं आणलेला माग, किशन तो विकत नाही, दुरुस्तही करत नाही. गल्लीतली पोरं त्या तालावर लंगडी घालतात. पण अंजनी ती गोष्ट टिळकवाडीच्या कानांनी ऐकत होती. तिकडच्यांना सगळे माग सारखे.

गोष्ट चॅनेलवर आली ती सकाळी. संध्याकाळच्या चहापर्यंत ती वडगावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरून आली होती. आणि बाई काय म्हणतेय हे नीट ऐकायच्या आधीच गल्ली म्हणाली, "आरं, ह्यो तर किशनचा लंगडा!"

झालं. किशन बायकांना कोंडतो. किशनच्या शेडात आग लागली आणि त्यानं दाबली. एकानं तर तेव्हा धूर पाहिलाही होता म्हणे.

किशन बायकांना कधीच कोंडत नव्हता. त्याच्या शेडाला शटरच नाही, दार आहे, आणि त्याला कडी नीट लागत नाही. पण हे कोण ऐकतंय? मागाचा आवाज सगळ्यांनी कानानं ऐकला होता. किशनला वाटलं, आपल्याच शेडातली कुणीतरी बोलली. दुसऱ्या पाळीला जाड आवाजाची एकच, अक्काताई. नवरा गेल्यापासून त्याच्याकडंच कामाला. त्यानं तिला दारातच सांगितलं, "उद्यापासनं येऊ नगंस."

अक्काताई थेट अंजनीच्या सोप्यात आली. चप्पलही काढली नाही.

"मी कवा बोललो गं तुझ्याजवळ? सांग की. कवा बोललो?"

"न्हाय बोललीस, आक्का."

"मग माझ्या तोंडातनं बाई बोलवायलीस व्हय तू? माझ्या घरात चूल मी एकटी पेटिवतो, ठाऊक हाय न्हवं?"

अंजनीच्या हातात अर्धी भरलेली कांडी. कांडी भरायचं यंत्र चालूच होतं, सूत कांडीवरनं उतरून गुंता व्हायला लागला तरी तिनं ते बंद केलं नाही. रविराज मागाजवळ उभा होता. तो बायकोकडं न बघता म्हणाला, "जा आन् किशनला सांग. आपलं सूत त्याच्याकडनं येतंय, ध्यानात हाय का?"

ती निघणार, तेवढ्यात परसदारी राजाबाई. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून तिनं मशेरी काढली.

"अक्काताई रडत गेली म्हणं."

"तिचं काम गेलं, राजाक्का. माझ्यामुळं."

"कळलं." राजाबाईनं बोट दातांवर फिरवलं, थुंकली. "हे बग. यमनाप्पांनी ऐकलंय. काठी आन् मेन ऐकल्यावर त्यास्नी कळलंच की, आमच्यातलीच कुनीतरी हाय. पर सगळं जग किशन किशन करतंय म्हणून ते गप हाईत. त्या लंगड्यानं मला वाचिवलंय. तू त्यो काढलीस, की नजर कुटं जाईल?"

"मग अक्काताईनं मरायचं?"

"मी मरू का मग?"

राजाबाई उठली, लुगडं झटकलं आणि कामाला गेली. पाळीची वेळ झाली होती. तिच्यामागं शटर खाली येणार होतं, बाहेरनं कुलूप पडणार होतं, हे अंजनीला ठाऊक होतं. बाहेरचं जग मात्र किशनच्या दारासमोर उभं राहून कुजबुजत होतं.

भैरवीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं, घाबरली, आणि म्हणाली, "आपण गोष्टच काढून टाकू. माफी मागू."

"कुणाची? किशनभावजींची का यमनाप्पांची?"

शेवटी भैरवी म्हणाली, "तू ठरव. तुझी गल्ली आहे."

तशात यमनाप्पांनी निरोप धाडला: अमावास्येला हॉलात सगळ्यांनी जमायचं. अंजनीनं मोबाईल घेऊन यायचं.

म्हणून त्या दिवशी ती तिथं बसली होती. पुढं किशन, बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून अक्काताई, पार मागच्या रांगेत पदर पुढं ओढून राजाबाई. आणि मधोमध खुर्चीवर यमनाप्पा. सुरुवातीलाच ते हळू आवाजात म्हणाले होते, "बसा, बसा. भांडाय जमलो न्हाय आपण. खरं काय ते भाईर येऊ दे, एवढंच." अंजनीचा मोबाईल तेव्हा मांडीवर चालूच होता. सवयच ती, कुठंही गेली की जागेचा आवाज भरून घ्यायची.

"घातलो, चिकटिवलो म्हणतीस," यमनाप्पा आता म्हणाले. "पोरी, कानानं ऐकलंय सगळ्यांनी. लंगडा माग दुसऱ्या कुनाचा हाय काय वडगावात?"

"न्हाय, आप्पा."

"मग? आवाज खोटं बोलतोय व्हय?"

"बोलतोय. दावू का?"

ती उठली नाही. तिथंच बसून मोबाईलवर बोटं फिरवू लागली. लोक माना उंच करून बघत राहिले. किशन म्हणाला, "आता काय गेम खेळायलाय वैनी?" भजनाच्या पेटीशेजारचा स्पीकर तिनं रविराजला पुढं आणायला लावला. वायर जोडली.

पहिल्यांदा आला नुसता माग. खटाक-खटाक-टक. अमावास्येच्या शांत हॉलात तो असा आदळला की बायकांनी कानांवर पदर धरले. सगळ्यांनी किशनकडं पाहिलं. किशननं मान खाली घातली.

मग त्या मागावर एक माणूस बोलू लागला. हळू, ठाम. "बसा, बसा. भांडाय जमलो न्हाय आपण. खरं काय ते भाईर येऊ दे, एवढंच." आणि खाली लंगडा चालूच. खटाक-खटाक-टक. यमनाप्पा किशनच्या शेडात उभे राहून, मागांच्या गोंगाटात, निवाडा करत होते.

एका पोरीला हसू आवरेना. मग सगळा हॉल हसला. किशनही. "आप्पा, आलासा कवा माझ्या शेडात? च्या तरी घेतला असता की!"

"आज अमावास्या," अंजनी म्हणाली. "आज वडगावात एक माग चालू न्हाय. आप्पांनी हे आत्ता हितं म्हटलं, तुमच्या समोर. माग मागल्या सालचा हाय. मी दोनी एकाखाली एक ठेवलो. तसंच त्या बाईचं केलोतो. तिचं बोलणं गोधडीखाली भरलंय. किशनभावजींच्या शेडाचा आन् तिचा काय संबंध न्हाय. आन् अक्काताईचा तर मुळीच न्हाय."

हसू विरलं. किशननं अक्काताईकडं पाहिलं, आणि पटकन दुसरीकडं.

एकटे यमनाप्पा हसले नव्हते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"शाणी हाईस," ते म्हणाले. "मग असं की, ज्याच्या तोंडाखाली पायजे ते घालता येतंय. बाईबी अशीच घातली असशील."

एक-दोघांनी माना डोलावल्या.

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बग, पोरी. तू म्हण, समदी बनिवलेली गोष्ट हाय. बाई न्हाय, कुलूप न्हाय, धूर न्हाय. गोष्ट म्हणून केलो. किशनचं नाव निवळलं, अक्काताई कामाला जाईल, कुनावर कुनाचा संशय न्हाय. मिटलं. साकु, पुरे. म्हण."

त्यांनी दिलेली वाट खरोखरच चांगली होती. त्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. रविराज खालमानेनं "म्हण की" असं पुटपुटला. मागच्या रांगेत राजाबाईचा पदर आणखी पुढं आला. तिचं तोंड दिसत नव्हतं. अंजनीनं तिकडं बघायचं नाही असं घरनंच ठरवलं होतं, आणि मान वळू नये म्हणून ती सतरंजीच्या किनारीकडं बघत बसली. पाच बायकांपैकी कोण, एवढंच यमनाप्पांना पाहिजे होतं. एक नजर पुरली असती.

कुलूप तसंच राहील, असं ती म्हणाली नाही. तसं म्हणणंही कुणाचं शेड ते दाखवणं झालं असतं.

"माग चिकटिवलोय, आप्पा," ती म्हणाली. "बाई न्हाय."

"मग कुनाचं शेड?" किशन.

"ते सांगणार न्हाय. सांगायचंच असतं तर तिचा आवाज जाड कशाला करत बसलो असतो आठ दिवस?"

"पुरावा काय?" यमनाप्पा.

"काय न्हाय."

"मग लोकांनी का मानावं?"

"नगा मानू. मी माग काढून टाकतो. नुसती बाई ठेवतो. मानायचं त्यानं मानावं."

"समदंच काढ म्हटलो मी."

"ते न्हाय व्हायचं, आप्पा."

यमनाप्पा उठले. देवळाची किल्ली कमरेला खुळखुळली. "संकेश्वराकडची माणसं ऐकत न्हाईत," एवढंच म्हणून बाहेर गेले. हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही. राजाबाई सगळ्यांबरोबर गेली, मागं न बघता.

त्याच दुपारी, मागांची खटखट नसलेल्या घरात, अंजनीनं गोष्ट नव्यानं केली. किशनचा माग काढला. काढल्याबरोबर सगळे सांधे उघडे पडले. जिथं जिथं शब्द कापले होते तिथं खड्डा ऐकू यायचा, विहिरीत डोकावल्यासारखा. ते बुजवायला काहीतरी पाहिजे. भैरवी म्हणाली, बारीक वाजप घाल. "नगं," अंजनी म्हणाली. "आता दुसऱ्याचं कायच घालत न्हाय." राजाबाई बोलून थांबली होती त्यानंतरचा तुकडा तिच्याकडं होता: गोधडीखालची रिकामी खोली, दोघींचा श्वास. तोच तिनं बारीक बारीक कापून सगळ्या खड्ड्यांत भरला. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात म्हटलं, "आदीच्या गोष्टीत माग होता. त्यो मी घातलोतो. त्यो त्या शेडाचा न्हवता." आणि पाठवून दिली.

भैरवीनं ऐकून कळवलं, की पहिली जास्त परिणामकारक होती. अंजनीलाही तसंच वाटलं. नव्या गोष्टीत अंगावर काटा येत नव्हता. नुसतं एक बाई कानाशी बोलतेय आणि मधेच श्वास घेतेय.

पण मग एक उलटंच झालं.

दोन दिवसांनी खासबागेतला एक शेडवाला अंजनीच्या दारात आला. ओळख ना पाळख. "अंजनीबाई तुमीच काय? आमच्याबद्दल बोललासा म्हणं. आवो, आमी कुलूप लावायचो ते चोरांमुळं. आता न्हाय लावत. बोर्डपण बदललाय. तेवढं सांगा तुमच्या त्या ह्याच्यात."

"तुमच्याबद्दल न्हाय वो."

"असू दे, असू दे. सांगून ठेवलो."

मग शहापुरातनं एकाचा फोन, शिव्या देणारा. "माझ्या शेडातली कोण रांड बोलली ते सांग." तिनं फोन ठेवला. मग आणखी एक. ज्याच्या ज्याच्या शटरला बाहेरनं कुलूप होतं त्या प्रत्येकाला ती बाई आपल्याच शेडात बोलतेय असं ऐकू येत होतं. लंगडा माग होता तोवर गोष्ट किशनची होती, बाकीचे मालक सुखानं ऐकत होते. आता खाली माग नव्हता, आणि ज्यानं त्यानं आपापला माग त्याखाली ऐकला.

यमनाप्पांनी शटर हातभर वर ठेवायला सुरुवात केली. कुलूप कडीला लटकतं, उघडं. का, ते कुणाला सांगितलं नाही. पण पाळी सुटताना ते हल्ली स्वतः दारात उभे राहतात आणि एकेकीची विचारपूस करतात. घरी कसं हाय, मोबाईल नवा घेतलास काय, अंजनीकडं जातीस का न्हाय. मालूबाईला दोनदा विचारून झालंय. राजाबाईला अजून एकदाच.

किशननं अक्काताईला परत बोलावलं, ते बायकोकडनं निरोप धाडून. चुकलो म्हणाला नाही. अक्काताई गेली, कारण जायलाच पाहिजे होतं. अंजनी समोर आली की ती रस्ता ओलांडते. रविराजचं सूत किशननं बंद केलं. आता रविराज ते शहापुरातनं आणतो, सायकलवर, आणि येता येता बायकोच्या छंदाला शिव्या घालतो. त्याही ती भरून घेते, असं शेजारी म्हणतात. खरं नाही ते.

परवा राजाबाई परसदारी आली. गोवऱ्या मागितल्या नाहीत, बसलीही नाही.

"शटर उघडं असतंय आता," अंजनीच म्हणाली.

"व्हय. वारं येतंय खालनं. पाय गारठत्यात." मग आवाज खाली करून, "आप्पांनी मला काल काय इचारलं ठाऊक हाय? तुला गोधडी शिवाय येती का म्हणून."

अंजनीच्या हातातलं सूत थांबलं. गोधडीचं ती हॉलात बोलून गेली होती. बोलली तेव्हा ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"काय सांगितलीस?"

"न्हाय म्हटलो. माझ्या सासूच्या गोधड्या वाळत घातल्यात दारात, त्या काढून आत टाकलो." राजाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "तू माझ्याकडं बघू नगंस काय दिवस. वाटेत भेटलो तर भांडल्यागत कर."

"बरं."

"आत्ताच कर."

अंजनीला क्षणभर कळलं नाही. मग तिनं परसात पाऊल टाकलं आणि गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला. "गोवऱ्या न्हाईत म्हटलो न्हवं! रोज रोज काय मागायला येतीस गं?"

"ठेव तुझ्या ऊरावर!" राजाबाईही तेवढ्याच जोरात, आणि पाय आपटत गेली.

पुढच्या सोप्यातला एक माग थांबला. "कांड्या!" रविराज ओरडला. "धोटा रिकामा पडलाय, ऐकू येत न्हाय व्हय गं?"

"आलो, आलो," म्हणत अंजनीनं भरलेल्या कांड्यांची पाटी उचलली आणि पडदा सारून आत गेली.